मांडीवरचा गणपती

बाबा,

आमच्या नव्या गाडीत पट्टा लावला नाही की गाडी ओरडायला लागते. आधी हळू, मग जोरात, मग थांबतच नाही. पुढच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी तिला वाटतं माणूस बसलाय, आणि ती पिशवीसाठीही तेवढंच ओरडते. परवा रोह्याच्या बाजारातून येताना मी शेवटी दुधी आणि पडवळाला पट्टा लावला आणि मुकाट्याने घरी आले. तुम्हाला ही गाडी आवडली असती. जे तुम्ही जन्मभर एकट्याने ओरडून सांगितलंत, ते आता गाडी स्वतः सांगते आणि तिला कोणी विक्षिप्त म्हणत नाही. लोकांनी त्यावरही तोड काढलीय म्हणा. पट्ट्याची नुसती जीभ मिळते, पट्टा नसलेली. ती खाचेत खोचली की गाडी गप्प. दुकानदाराने मला कौतुकाने दाखवली, म्हणाला, "ताई, कटकट बंद होईल." तुम्ही असतात तर त्याने त्या दिवशी लवकरच शटर ओढलं असतं.

लिहायला बसायचं कारण वेगळं आहे. उद्या पेणला जायचंय, गणपती आणायला. इतकी वर्षं चुलतभाऊ टेम्पोतून आणायचा, म्हणजे मला काही बघावं लागायचं नाही. मी दारात उभी राहून पायांवर पाणी घालायचे, बस. यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि तुमच्या जावयांची पहिली शिफ्ट आहे. तेव्हा गाडी मी चालवणार, आत्या मागे बसणार आणि लेक पुढे. काल जेवताना लेक म्हणाली, "आई, येताना गणपती मी मांडीवर घेणार हं." मी भात वाढत होते, वाढतच राहिले. ती म्हणाली, "अगं बास, मी काय पैलवान आहे का?" आत्याने हातातला घास तसाच धरून ठेवला होता. आजोबा गाडीच्या अपघातात गेले एवढं लेकीला माहीत आहे. त्या वेळी आजोबांच्या मांडीवर काय होतं, हे तिला आम्ही कधी सांगितलेलं नाही. सांगायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. त्या विषयावर आम्ही दोघी आपसातही बोललेलो नाही, तर तिला काय सांगणार.

आता हिला "नको" म्हणायचं तर कारण द्यावं लागेल, आणि कारण दिलं की ते आत्याच्या अंगावर जाऊन पडेल. आत्या पंच्याऐंशीच्या घरात आहे. आणि कारण नाही दिलं तर माझी मुलगी पुढच्या सीटवर, मांडीवर पाट घेऊन बसेल, आणि या गाडीत पुढे हवेची पिशवी आहे. धडक बसली की ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. माणूस पट्ट्यात नीट बसला असेल तर ती त्याला झेलते. मांडीवर लाकडी पाट असेल तर ती पाट छातीत घालेल. हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मला दुसरं कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

तुम्ही धाटावच्या कंपनीत सेफ्टीला होतात. कंपनीतले लोक म्हणायचे, साहेब स्वप्नातसुद्धा हेल्मेट घालतात. आई तर सांगायची की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा ह्यांनी हार घालायच्या आधी खाली वाकून पाट हलत तर नाही ना ते पाहिलं. आपल्या घरात गॅसची शेगडी दोनदा बंद व्हायची, एकदा आई करायची आणि एकदा तुम्ही. मी कॉलेजात असताना तुम्ही ती जुनी पांढरी गाडी घेतलीत. तेव्हा आळीत ज्यांच्या गाड्या होत्या त्यांनी सीटवरचं प्लॅस्टिक काढलेलं नसायचं आणि पट्टे सीटमागे कोंबलेले असायचे. शेजारच्या काकांच्या गाडीत तर पट्ट्यावर ओला नॅपकिन वाळत असायचा. आपल्या गाडीत मात्र सगळ्यांनी बसायचं, दारं ओढून पाहायची, पुढच्या दोघांनी पट्टे लावायचे, दोन्ही "टक्" ऐकू आले की मगच किल्ली फिरायची. मागे पट्टे नव्हतेच, त्याची तुम्हाला चुटपुट होती. आत्याला तेच बरं वाटायचं. ती खाडीकाठची, डोलवीकडची लेक, मिठागरात राबलेली, अंगाने काटक. नवरा गेल्यावर आपल्याकडे राहायला आली आणि घरातलं देवाधर्माचं सगळं तिच्या हातात गेलं. ती म्हणायची, "ह्ये दावं कशाला रं? आमी काय म्हशी हाव?"

गाडीच्या पूजेच्या दिवशी तुमच्या दोघांचं पहिलं वाजलं. आत्याला काचेपाशी छोटा गणपती चिकटवायचा होता. तुम्ही तो हातात घेतलात, नमस्कार केलात आणि आतल्या बंद कप्प्यात ठेवलात. नारळही मागच्या फळीवरून उचलून डिकीत टाकलात. "गाडी थांबते, अक्का," तुम्ही म्हणालात, "आतलं थांबत नाय. ब्रेक लागला का ह्यो नारळ सुटलाच समज, सरळ तुझ्या डोक्यात." आत्या म्हणाली, "माझं डोकं नारळापेक्षा घट हाय." आणि मग दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही.

मला गाडी शिकवलीत ती कुंडलिकेच्या काठच्या मोकळ्या जागेत, रविवारी सकाळी. बाकीच्या मुलींचे वडील मुलींना स्कूटरसुद्धा द्यायला तयार नव्हते, त्यामुळे बघायला माणसं जमायची. पहिल्या रविवारी तुम्ही गाडी चालूच करू दिली नाहीत. डोळे मिटून बसवलंत आणि वायपर कुठे, दिवे कुठे, हॉर्न कुठे ते हाताने शोधायला लावलंत. दुसऱ्या रविवारी मागच्या सीटवर रिकामा स्टीलचा डबा ठेवलात आणि म्हणालात, "पळव. मी सांगितलं की ब्रेक मार." मी ब्रेक मारला तर तो डबा दोघांच्या मधून सणसणत आला आणि समोर आपटला. त्याला पोचा आला तो तसाच राहिला, आई असेपर्यंत त्यात रवा ठेवायची. "हा डबा म्हणजे तू," तुम्ही म्हणालात. त्यानंतर पावसाळ्यात ओल्या रस्त्यावरचे ब्रेक शिकवलेत. एकदम दाबून धरायचा नाही, चाकं जाम होतात आणि गाडी बर्फावर ठेवल्यासारखी घसरते. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, आणि मधल्या सोडण्यात गाडी वळवून घ्यायची. आता हे गाडी स्वतःच करते, पायाखाली नुसतं घरघर होतं. पुढची गाडी झाडापाशी आली की मोजायला लागायचं, आपण त्या झाडाशी पोचेपर्यंत निदान तीन झाले पाहिजेत. पावसात मोजणं वाढवायचं. आणि दोन्ही बाजूंचे लुकलुकणारे दिवे फक्त गाडी उभी असतानाच लावायचे. पावसात ते लावून धावणाऱ्या गाडीवाल्यांवर तुम्ही काच खाली करून ओरडायचात. "वळणार कुठं ते कळायचं कसं रे तुझं!" म्हणून. भिजायचात, पण ओरडायचात.

एकदा मी त्या मोकळ्या जागेतून नुसती रस्त्यापर्यंत गाडी काढली, पट्टा न लावता. जेमतेम चार ढांगांचं अंतर असेल. तुम्ही वाकून किल्ली काढून घेतलीत, खिशात टाकलीत आणि मला घरापर्यंत चालत पाठवलंत. स्वतः माझ्या मागे गाडी चालवत आलात, माझ्या चालीच्या वेगाने, आणि आळीतले सगळे बघत होते. मी रागाने रडत होते. घरी आल्यावर आईने विचारलं काय झालं, तर तुम्ही म्हणालात, "काय नाय. हिला चालायची सवय हवी."

त्या वर्षी पहिल्यांदाच आपण गणपती स्वतःच्या गाडीतून आणायचा ठरवला. आपला पाट नेहमीप्रमाणे आषाढातच पेणला कारखान्यात देऊन ठेवलेला, त्याच पाटावर मूर्ती घडवलेली. त्या गल्लीत शिरलं की रंगाचा वास नाकात बसतो आणि दोन्ही बाजूंना रांगेने देव, काहींचे डोळे काढलेले, काहींचे राहिलेले. आत्याने कुंकू लावलं, तांदूळ वाहिले, आणि मूर्तीच्या तोंडावरून तांबडा रुमाल टाकला. घरी मखरात बसेपर्यंत तोंड उघडं पडू द्यायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. तुम्ही घरून गोधड्या आणल्या होत्या. डिकी उघडलीत आणि त्यात त्या गोधड्या गोल रचल्यात, घरटं करतात तशा. आत्या बघतच राहिली. "देव डिकीत? स्टेपनीच्या बाजूला? आपल्या बापानं खाडीच्या पाण्यातनं डोईवर आणला व्हता रं. घरच्या पुरुषाच्या मांडीवर यायचा देव." तुम्ही म्हणालात, "अक्का, परवा प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ही मातीच हाय. माणसांच्यात प्राण आधीपासनं हाय." आत्या एक क्षणही न थांबता म्हणाली, "मंग मातीच्या तोंडावर रुमाल कशाला टाकलास? काढ की." आजूबाजूची माणसं हसली. तुम्हीही हसलात.

मग तुम्ही तह केलात. घरच्या पुरुषाच्या मांडीवर यायचा म्हणजे चालवायला मी. तुम्ही डाव्या सीटवर बसलात, आधी पट्टा लावलात, "टक्" झालं, आणि मग कारखान्यातल्या माणसाने पाटासकट मूर्ती तुमच्या मांडीवर दिली. दोन्ही हातांनी तुम्ही ती कवटाळलीत. देवाचं तोंड रस्त्याकडे. मला म्हणालात, "सावकाश. घाई त्याला नाय, आपल्याला नाय." वडखळच्या नाक्यावर अलिबागकडे वळणाऱ्या ट्रकांची ही गर्दी, त्यातून मी न चिडता काढली. नागोठण्याहून खिंडीतला रस्ता जवळचा होता, पण वळणावळणांनी मूर्ती हलेल म्हणून आपण हमरस्त्यानेच पुढे जायचं ठरवलं. पाऊस झिमझिम होता. काचा आतून धुकटत होत्या म्हणून तुमच्या बाजूची काच थोडी खाली केलेली. खांब गावाच्या अलीकडे त्या फटीतून वारा आला आणि रुमाल सरकून मूर्तीच्या सोंडेवर लोंबायला लागला.

आत्या मागून म्हणाली, "अरं, तोंड उघडं पडलं. झाक आधी."

रुमाल पुढच्या बाजूने ओढायचा तर वाकायला हवं होतं. तुम्ही वाकायला गेलात तर पट्ट्याने तुम्हाला मागे ओढून धरलं. पट्ट्याचं कामच ते. तुम्ही पुन्हा प्रयत्न केलात. मग मी "टक्" ऐकलं. लावतानाचं "टक्" आणि सोडतानाचं "टक्" वेगळं असतं, सोडतानाचं जरा पोकळ असतं. मी विचारलं, "बाबा, बाजूला थांबू का?" तुम्ही म्हणालात, "नको, चाल. मागं गाडी लागलीय. झालंच." आणि झालंच होतं. रुमाल तुम्ही नीट बसवलात, कडा पाटाखाली खोचल्यात, आणि दोन्ही हात पुन्हा मूर्तीभोवती गेले. पट्टा परत लावायला तिसरा हात नव्हता.

पुढच्या वळणावर समोरून एक ट्रक दुसऱ्या ट्रकला ओलांडत आपल्या बाजूने आला. मी ब्रेक दाबला, सोडला, दाबला, सोडण्यात गाडी डावीकडे घेतली. ट्रक निघून गेला. गाडी कडेच्या चिखलात घसरली आणि डाव्या कोपऱ्याने झाडाला लागली. वेग फार नव्हता. तेवढा पुरतो, असं तुम्हीच सांगायचात. पंचनाम्याच्या वेळी हवालदार म्हणाला, या पोरीने ब्रेक धरून ठेवला असता तर तिघंही ट्रकखाली गेली असती. म्हणजे मी सगळं तुम्ही शिकवल्याप्रमाणे केलं. मला त्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

आवाज संपल्यावर तुम्ही एकच वाक्य बोललात. "किल्ली काढ." मी काढली. गाडी लागली की इंजिन बंद करायचं, पेट्रोल सांडलेलं असतं. तेही शिकवलेलंच. मूर्तीचा चुरा झाला होता आणि पाट तुमच्या छातीत रुतला होता. आत्या मागून आपल्या पुढच्या सीटांवर येऊन आपटली होती, तिचा खांदा निखळलेला. रस्त्याच्या कडेला वाडीवरची एक बाई कंटोळी विकायला बसली होती, ती टोपली तिथेच टाकून धावत आली. तिने दार उघडलं, तुमच्या मांडीवरचा तांबडा रुमाल झटकला, त्यातली माती पडली, आणि तो घडी करून तुमच्या कपाळाला दाबून धरला. मला म्हणाली, "बाय, हलू नुको. मी धरलाय." जीप येईपर्यंत तिने हात काढला नाही. रुमाल मुळात तांबडाच, त्यामुळे किती रक्त गेलं ते कळत नव्हतं. रोह्याला पोचेपर्यंत तुम्ही गेला होतात. तिची भाजी कोणी उचलली की तशीच राहिली, हा विचार त्या दिवशी माझ्या मनात पुन्हा पुन्हा येत होता. दुसरा विचार येत नव्हता.

आई दारात ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. गणपती येणार म्हणून तिने नवी साडी नेसली होती. पुढचं मला तुकड्यांनी आठवतं. खोवलेलं खोबरं शेजारी नेलं, सुतक आलं, त्या वर्षी आपल्याकडे गणपती बसला नाही. भेटायला येणारे विचारायचे, "पट्टा लावला होता ना त्यांनी?" कारण रोह्यात दुसऱ्या कोणाबद्दल हा प्रश्न पडलाच नसता, पण तुमच्याबद्दल पहिला तोच पडायचा. आई माझ्याकडे बघायची, मी आत्याकडे बघायचे, आत्या जमिनीकडे. कोणी उत्तर द्यायचं नाही, आणि विचारणारे समजायचे की दुःखात विचारायला नको होतं. मी रडले नाही. लोकांना वाटलं धक्का बसलाय. मला आत नुसतं गाळ बसलेल्या पाण्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ते अजून फारसं हललेलं नाही. माझ्या अंगावर खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याचा वळ उठला होता, आधी जांभळा, मग हिरवट. आंघोळ करताना मी तो दाबून बघायचे. तो जाऊ नये असं वाटायचं. गेला.

तुमचा मला राग येतो, बाबा. ट्रकवाल्याचा येत नाही, तो मला नीट दिसलाही नव्हता. आत्याचाही येत नाही. ती जे म्हणाली ते तिच्या आधीच्या सगळ्या बायका म्हणत आल्या होत्या. राग येतो तो "नको, चाल" या दोन शब्दांचा. तुम्ही ते कधीच म्हणत नसायचात. मी म्हटलं असतं तर मला पेणपासून चालवत आणलं असतंत.

आता उठते. कुकर लावायचाय. उद्याचं काही ठरलेलं नाही.

*

आलो, बाबा. दुपारची जेवणं झाली, आत्या आणि लेक पडल्या आहेत. राहिलेलं लिहिते.

कारखान्यात आपला नंबर लवकर लागला. लेक आधीच जाऊन पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावला, मांडीवर टॉवेल पसरला आणि दोन्ही हात पुढे केले. कारखान्यातला माणूस पाट उचलून गाडीकडे निघाला. मी नुसती दार धरून उभी होते. तेवढ्यात मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, "पोरीच्या मांडीवर नको."

तो माणूस थांबला. लेक म्हणाली, "अगं आजी, मी नीट धरीन."

"धरशील गो. तुझ्या आज्यानंपण नीटच धरला व्हता." आत्या बोलताना कोणाकडेच बघत नव्हती, पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत होती. "इकडं ठेव, माझ्या बाजूला. नि त्याला पट्टा लाव."

त्या माणसाला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. तो हसून म्हणाला, "आजी, देवाला कुठं पट्टा लावतात?"

"लावतात," आत्या म्हणाली. मग मला, "गोधड्या आणल्यास का?" मी आणल्या होत्या. सकाळी न ठरवताच डिकीत टाकल्या होत्या. आत्याने स्वतःच्या हाताने त्या पाटाभोवती दाबून बसवल्या आणि मी पट्टा पाटावरून घेऊन अडकवला. "टक्" झालं. मग आत्याने स्वतःचा पट्टा ओढला आणि तो तिला लागेना, तेव्हा लेक खाली उतरून मागे गेली आणि तिला लावून दिला. तेव्हा आत्या तिला म्हणाली, "म्याच सांगितलं व्हतं गो त्याला. तोंड झाक म्हणून. त्यानं पट्टा काढला." बस, एवढंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती पुढे येऊन बसली आणि तिने स्वतःचा पट्टा लावला.

या गाडीत एसी असतो, काच उघडावी लागत नाही, तरी रुमाल खांबच्या अलीकडे सरकलाच. रेशमी रुमाल, खड्ड्यांचा रस्ता, सरकणारच. मला आरशात दिसलं, एक डोळा आणि अर्धी सोंड. आत्यालाही दिसलं. तिचा हात उचलला गेला आणि पुन्हा मांडीवर गेला. लेकीने मागे वळून पाहिलं, म्हणाली, "अगं, रुमाल पडतोय. थांब, मी झाकते," आणि तिच्या पट्ट्याचं "टक्" मी ऐकलं. पोकळ. लगेच गाडी ओरडायला लागली.

मी म्हटलं, "लाव परत." ती म्हणाली, "अगं एक सेकंद." मी म्हटलं, "लाव." माझा आवाज मला ओळखू आला नाही. तिने लावला. मग मी आरसा पाहिला, डावीकडचा दिवा दिला, रस्त्याच्या कडेला पुरेशी सपाट जागा आली तशी गाडी पूर्ण खाली घेतली, थांबवली, हातब्रेक ओढला, दोन्ही बाजूंचे लुकलुकणारे दिवे लावले, इंजिन बंद करून किल्ली काढली. पट्टा सोडला, उतरले, मागून येणारं वाहन जाऊ दिलं, पलीकडचं दार उघडलं. रुमाल उचलला, नीट बसवला, दोन कडा पाटाखाली खोचल्या. आत्या बघत होती. मी परत येऊन बसले. लेकीने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं."

एवढंच होतं, बाबा. एवढाच वेळ लागतो. मागून येणारी गाडी थोडा हॉर्न वाजवते आणि पुढे निघून जाते. कितीतरी वर्षं मला वाटत होतं की थांबण्यात काहीतरी मोठं असणार, नाहीतर तुम्ही नको म्हणाला नसतात. काही नसतं. चहा ओतायला लागतो तेवढा वेळसुद्धा लागला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून मी तशीच बसून राहिले, तेव्हा आत्याने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला, ज्या खांद्यावर तो वळ होता त्याच्यावर. तिला माहीत असण्याचं कारण नाही. मग म्हणाली, "चल गो. सावकाश." आणि आम्ही निघालो.

गणपती घरी आला. शेजारच्या मुलाने पाट उचलून दारात आणला, लेकीने त्याच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला. आत्या जेवली, नेहमीपेक्षा एक पोळी जास्त.

लिहायला घेतलं तेव्हा मनात होतं की हे गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवीन. पण त्याचं झाकण आताशा नीट लागत नाही, आणि सुटी वस्तू गाडीत ठेवायची नाही. इथेच राहू दे, रव्याच्या डब्याखाली. तो पोचा आलेला डबा अजून आहे.

एक सांगायचं राहिलं. खांबहून निघताना मी ते लुकलुकणारे दिवे बंद करायला विसरले. कोलाडवरून रोह्यापर्यंत, आपल्या आळीतून दारापर्यंत, तशीच आले, दोन्ही बाजूंचे दिवे लावून धावत, कुठं वळणार ते कोणाला कळू न देता. उतरताना लेकीच्या लक्षात आलं. सगळे हसले, मीही हसले. मग सगळे मूर्तीबरोबर आत गेले आणि मी गाडीत बसून राहिले. किल्ली अजून लागलेलीच होती. कोणीतरी वाकून ती काढून घेईल असं मला वाटत होतं.